मधुमेही वडिलांचा एक पाय सुजून गरम झालाय, पण दुखत नाही. एक्स-रे नॉर्मल आहे. काय असू शकतं?

'दुखत नाही म्हणून रोजचं फिरणं चालू आहे' असं तुम्ही लिहिलंय. ते फिरणं आधी थांबवा, बाकीचं नंतर. मी मधुमेहींच्या पायांच्या ओपीडीत काम करतो. दुखणाऱ्या पायापेक्षा अशा न दुखणाऱ्या पायाची मला जास्त धास्ती वाटते.

एकच पाय लाल, गरम, सुजलेला आणि कुठे जखम नाही, म्हणजे दुसरं काही सिद्ध होईपर्यंत शार्को फूट, म्हणजे बधिर पायातली हाडं-सांधे खचत जाण्याचा आजार, धरून चालायचं. वर्षानुवर्षं साखर वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. पाय मुरगळला, हाडाला बारीक तडा गेला तरी कळत नाही आणि माणूस त्यावरच चालत राहतो. दाहाने हाड ठिसूळ होतं, त्यावर पुन्हा शरीराचा भार. होता होता सांधे निखळतात, तळव्याची कमान खचून उलट खाली फुगते, त्या उंचवट्यावर जखम होते. ती चिघळली तर पाय कापायची वेळ येऊ शकते.

सुरुवातीचा एक्स-रे नॉर्मल येतोच बऱ्याचदा, तेव्हा त्यावर निर्धास्त राहू नका. एमआरआयमध्ये हाडातली सूज लवकर दिसते. आम्ही दोन्ही पायांवर त्याच जागी इन्फ्रारेड थर्मामीटर धरतो. 2 अंश सेल्सिअसहून जास्त फरक दिसला की संशय बळावतो. जंतुसंसर्ग, गाउट (युरिक अ‍ॅसिडमुळे सांधा सुजणं), शिरेतली रक्ताची गुठळी यांतही पाय असाच दिसतो, म्हणून त्याही तपासण्या होतील.

उपचाराचा कणा म्हणजे गुडघ्याखालचं प्लॅस्टर, टोटल कॉन्टॅक्ट कास्ट. सूज उतरली की ते सैल पडतं, म्हणून दर आठवड्या-दोन आठवड्यांनी बदलायचं. हे काही महिने चालतं, आणि घरच्यांचा धीर सुटतो तो इथेच. सूज गेली म्हणून प्लॅस्टर काढायला लावू नका. दोन्ही पायांचं तापमान सारखं होऊन तसंच टिकायला हवं. हा आजार थांबवणारी खात्रीची गोळी अजून नाही. ऑपरेशन काहींनाच लागतं. पुढे मापाचे बूट मात्र कायमचे.

वडिलांना उद्याच अस्थिरोगतज्ज्ञ किंवा मधुमेही पायांच्या डॉक्टरांकडे न्या, आणि 'शार्को असेल का?' असं थेट विचारा. ताप आला, जखम किंवा पू दिसला, तर उद्याची वाट न बघता आजच इमर्जन्सीत. दुसऱ्या पायावर आता जास्त भार येणार, तेव्हा तोही रोज बघत जा.