हुकूमनामा हातात येईपर्यंत

सोलापूर

चि. बाळ, अनेक आशीर्वाद.

परवा ओसरीवर बसून तू मोबाइल माझ्यापुढे धरलास. मस्कतहून तुझ्या नवऱ्याच्या दोन ओळी आल्या होत्या : "मला तारखेला येता येणार नाही. तू सही करून टाक, विषय संपला." आणि तू विचारलंस, "मावशी, मग संपलंच ना?" मी काही न बोलता चहा ठेवायला उठले. हाच प्रश्न मला पडला होता, तेव्हा विचारायला कुणी नव्हतं.

नाही संपलं. घटस्फोटाचा कोर्टाचा हुकूमनामा हातात येईपर्यंत काही संपत नसतं.

माझी फारकत १९९२ साली वीस रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर झाली. दोन पंचांच्या सह्या, नोटरीचा लाल शिक्का. वडिलांनी तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत साड्यांच्या खाली ठेवला आणि म्हणाले, "सुटलीस." अकरा वर्षांनी एका कामासाठी कागद लागले, तेव्हा वकिलांनी तो उलटसुलट पाहिला आणि सांगितलं की कायद्याने तुम्ही अजून त्यांची बायकोच आहात. फारकतीची रूढी कोर्टात सिद्ध करता येते अशा समाजांची गोष्ट वेगळी. आमच्यात ती नव्हती. मग मी रीतसर अर्ज केला. नातेवाईक म्हणाले, झाकलेलं कशाला उकरतेस? उकरलं, आणि बरोबर केलं. तीन वर्षं तारखांना गेले. आजही कुणी विचारलं तर हेच सांगेन.

म्हणून नीट ऐक. तुमचा अर्ज परस्पर संमतीचा आहे, हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ ब खालचा. वर्षभर वेगळं राहून तुम्ही दोघांनी तो दाखल केलाय. आता सहा महिन्यांनंतर आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी मिळून दुसऱ्यांदा मागणी करायची असते. हुकूमनामा होईपर्यंत त्याला संमती मागे घेता येते. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली हे स्पष्ट केलंय. तो मेसेज कितीही गोड असो, उद्या फिरला तर तुझ्या हातात काय? मोबाइल?

तो येऊ शकत नाही, एवढ्याने काम अडत नाही. २०१७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की अशा प्रकरणात व्हिडिओ कॉन्फरन्सिंग वापरता येईल, आणि सबळ कारण असेल तर आईवडील किंवा भाऊ-बहीण यांच्यामार्फतही बाजू मांडू देता येईल. पण परवानगी न्यायाधीशांची, म्हणून वकिलांकडून तारखेच्या आधीच अर्ज दे. त्याच्या कामाची, रजेची कागदपत्रं जोड. माझं मत विचारशील तर आधी व्हिडिओच माग. कुणाची जबरदस्ती नाही, फसवणूक नाही, याची कोर्टाला खात्री पटावी लागते, आणि ती त्याच्याच तोंडून ऐकून जशी पटेल तशी सासऱ्यांच्या तोंडून पटणार नाही.

त्याच्या वतीने दुसऱ्या कुणी उभं राहायचं मुखत्यारपत्रच करायचं ठरलं तर ते याच दाव्यापुरतं, दाव्याचा नंबर घालून, तिथल्या भारतीय दूतावासात सही करून येऊ दे. इथे पोहोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. हे पोस्टाचं पाकीट तुझ्या सासरी कपाटात पडून राहायला नको. ते सरळ वकिलांकडे मागव.

आणि दागिने, पोटगी, जे ठरलंय ते अर्जात लिहिलेलं आहे का? "नंतर बघू" असं तू दोनदा म्हणालीस. मला राग आला. नंतर कोण बघणार आहे, बाळ? मी तेव्हा अंगावरच्या पाटल्यांचाही उल्लेख केला नाही. तेवीस वर्षांची होते, वडिलांचे हात थरथरत होते, पंच घड्याळ बघत होते. मला घाई करायला लावली. तुला कुणी घाई करायला लावू नये म्हणून हे सगळं लिहितेय.

न्यायाधीशांनी मंजूर केलं म्हणून लगेच घरी पेढे आणू नकोस. हुकूमनाम्याच्या प्रमाणित प्रतीसाठी त्याच दिवशी अर्ज टाक, दोन प्रती माग. हातात पडल्यावर नाव, लग्नाची तारीख, दाव्याचा नंबर तिथेच उभं राहून वाच.

मंगळवारी अर्जाची प्रत घेऊन ये. वकिलांना द्यायच्या आधी आपण दोघी एकेक ओळ वाचू. भाकरी-आमटी करून ठेवते.

तुझी मावशी