शांती मागताना ढोल?

प्रश्न : ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या मिस्सासाठी (चर्चमधल्या उपासनेसाठी) आमचा गायकवृंद 'देवाच्या कोकरा' ही प्रार्थना नव्या चालीत बसवतोय. शेवटच्या 'आम्हांस शांती दे'ला मास्तरांना ड्रम हवाय. आम्ही आल्टोतल्या, म्हणजे खालच्या सुरात गाणाऱ्या, बायका म्हणतो, शांती मागताना बडवाबडवी कसली? सर, तुम्हीच सांगा.
— एक वाचक, वसई

उत्तर : ताई, मास्तरांच्या बाजूला मोठी माणसं उभी आहेत. १७९६ साली, ऑस्ट्रियाची फ्रान्सशी लढाई चालू असताना, संगीतकार हायडननं एक मिस्सा (म्हणजे तिच्यातल्या प्रार्थनांचं संगीत) रचली. ती 'युद्धकाळातली मिस्सा' म्हणूनच ओळखली जाते. नेमक्या याच प्रार्थनेखाली तिच्यात टिंपनी (नगाऱ्यांची जोडी) दबक्या आवाजात वाजते, फौज अजून वेशीबाहेर असल्यासारखी. बेथोवननं तर 'मिस्सा सोलेम्निस'मध्ये इथंच रणदुंदुभी आणि तुताऱ्या घुसवल्या. १९६८पासून १ जानेवारीला कॅथलिक चर्च जागतिक शांती दिनही पाळतं. त्या प्रार्थनेत तोफांची चाहूल लागली तर मला वावगं वाटत नाही.

मात्र ड्रमसेट नको. झांजा तर मुळीच नकोत. उंच छताखाली त्या घुमत राहतात आणि आल्टो बुडतात. (एरवी तरी वरच्या सुरातल्या सोप्रानो कुठे ऐकू देतात म्हणा!) एकच मोठा ढोल घ्या, काठीला कापड गुंडाळा, आणि शेवटची ओळ नुसत्या गळ्यांवर सोडा. ढोल कातड्याचा असेल तर समुद्राकाठच्या दवानं रात्री उतरतो. मिस्साआधी शेकून घ्यायला सांगा.