‘ॲडोलेसंट’चं शेपूट आणि आपलं ‘पुसणं’

प्रश्न असा : ‘ॲडोलेसंट’, ‘कॉन्व्हलेसंट’, ‘ऑब्सोलेसंट’ यांच्या शेवटी येणारं ‘एसंट’ एकच का? आणि मराठीत त्याची सोय काय?

एकच. लॅटिनमध्ये ‘-स्को’ लागला की अवस्था हळूहळू पालटत असते. सेनेक्स म्हणजे म्हातारा, सेनेस्को म्हणजे म्हातारा होत चाललोय. वाढतोय तो ॲडोलेसंट, वाढून झाला तो ॲडल्ट. (‘ॲडल्टरी’, म्हणजे व्यभिचार, याचा धातू वेगळा. ‘ॲडल्ट’वरून होणारा तो विनोद आता पुरे.) क्रेस्को म्हणजे वाढतो, त्यावरून इटालियन क्रेशेंडो : आवाज चढत जाणं. तरी निवेदक ‘मैफिलीनं क्रेशेंडो गाठला’ म्हणतातच. अहो, ती चढण आहे, शिखर नव्हे!

मराठीत कधी ‘होत जाणे’, कधी थेट क्रियापद : थोरावणे, काळवंडणे. लॅटिन ‘लूकेस्कित’ म्हणजे उजाडतंय, ‘वेस्पेरास्कित’ म्हणजे सांजावतंय. दोन्हीकडे कर्ता गायब!

पण खरी गंमत पुढेच. हा ‘स्क’ संस्कृतात ‘च्छ’ होऊन बसलाय : गच्छति (जातो), यच्छति (देतो), पृच्छति (विचारतो). पाणिनी ‘इषुगमियमां छः’ म्हणून गम्‌च्या ‘म्’जागी ‘छ’ बसवतो. रूप बिनचूक साधतं, पण हा मुळातला प्रत्यय आहे हे त्यातून कळत नाही. ‘प्रश्न’मध्ये तो नाही, ‘पृच्छति’त आहे. लॅटिनमध्ये त्याचाच सख्खा भाऊ पोस्कित, म्हणजे मागतो. (भाऊ म्हणालो, मुलगा नव्हे. ‘लॅटिन संस्कृतातून आली’वाल्यांनी नोंद घ्यावी.) प्राकृतात पुच्छइ, हिंदीत पूछना, मराठीत पुसणे, म्हणजे विचारणे. आपण ‘च्छ’चा ‘स’ करतो : मच्छचा मासा, वच्छचं वासरू. म्हणजे ‘पत्ता पुसला’ म्हणताना तो जुना ‘स्क’ अजून तोंडात असतो.

याच वाटेनं प्राकृत अच्छइचं (असतो) ‘असे’ होतं. काही कोश ‘असणे’ सरळ अस् धातूवरून देऊन मोकळे होतात. मग अस्ति–अत्थि–आथि ही वाट कुठे गेली? ज्ञानेश्वरीतलं ‘आथि’, म्हणजे आहे, तिथूनच आलंय. दुसरे पंडित अच्छइ मान्य करून ‘आस्’, म्हणजे बसणे, याच्याकडे बोट दाखवतात. मला तेही पटत नाही. माझ्या मते हा अस् अधिक स्क. रोमच्या बारा पाट्यांच्या कायद्यात, इसवी सनापूर्वी 450च्या सुमारास, न्यायालयात येण्याच्या आड आजारपण किंवा म्हातारपण ‘येत असेल’, तर वादीनं प्रतिवादीला जनावर द्यावं असं कलम आहे. तिथलं क्रियापद आहे ‘एस्कित’, म्हणजे तोच अस् अधिक स्क. एस्कित, असे. जरा मोठ्यानं म्हणून बघा.