गोव्यात घडणाऱ्या पहिल्या भयकादंबरीत बायकांची पात्रं खरी कशी वाटतील?

तुमची पहिलीच कादंबरी, डिचोलीच्या जुन्या घरात परतलेल्या दोन बहिणी, आणि त्या नुसत्या किंचाळणाऱ्या वाटतात ही तुमची तक्रार. मी म्हणेन, भूत बाजूला ठेवा, आधी वाटण्या बघा.

गोव्यात मुलगी मुलाइतकीच वारस. 1867 च्या पोर्तुगीज नागरी कायद्यापासून चालत आलेली ही चौकट आहे. मुलांना डावलून आईबापाला निम्म्याहून जास्त इस्टेट मृत्युपत्राने दुसऱ्याला देता येत नाही, आणि घर विकायचं तर सहसा जावयाचीही सही लागते. म्हणजे दोघींपैकी कुणीही दुसरीला सहज बाहेर काढू शकत नाही. भयकथेला याहून चांगला पिंजरा कुठे मिळणार? थोरलीने आईचं आजारपण काढलं आणि त्या काळातलं काहीतरी लपवलं. धाकटीला पैसे हवेत, पण ती थोरलीवर जीवही टाकते. रात्री माडीवर पावलं वाजली की वाचकाने आधी विचारावं, यातली खोटं कोण बोलतेय?

देवचाराला मात्र खुनी राक्षस करू नका. तो गावचा राखणदार, चुकलेल्याला वाट दाखवणारा अशी इथली श्रद्धा आहे. त्याने धाकटीला वाट दाखवलीच नाही, हे जास्त भयानक.

जुन्या घरांच्या शिंपल्यांच्या खिडक्या जरूर वापरा. त्यांतून उजेड येतो, पण बाहेरचा चेहरा ओळखू येत नाही.