येशूने शिमोनाला ‘पेत्र’ नाव दिलं. नुसत्या नावाने एक मासे धरणारा कोळी ख्रिस्ती मंडळीचा, म्हणजे चर्चचा, पुढारी कसा झाला?

ऐरोलीतल्या आमच्या मराठी मंडळीत मी ‘वडील’, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारा, आहे. वयाने नव्हे, निवडणुकीने. निवड झाली त्या रविवारपासून, आदल्या दिवसापर्यंत ‘ए’ म्हणणारे मित्रही ‘वडीलसाहेब’ म्हणायला लागले. घरी आई मात्र ‘बाळ्या’च म्हणते, आणि माझं लक्ष नसताना गॅसवरचं दूध उतू गेलं की जरा मोठ्याने म्हणते. त्यामुळे प्रश्न जिव्हाळ्याचा.

नुसत्या नावाने झालाच नाही तो. बायबलात योहान १:४२ मध्ये पहिल्याच भेटीत येशू सांगतो, तुला केफा म्हणतील. केफा अरामी, पेत्र त्याचंच ग्रीक रूप, अर्थ दगड किंवा खडक. तोवर बिचाऱ्याने काहीच केलेलं नव्हतं. पुढे मत्तय १६ मध्ये १८व्या वचनात ‘या खडकावर मी आपली मंडळी रचीन’, आणि २३व्या वचनात त्याच माणसाला ‘सैताना’ आणि ‘अडखळण’. पाच वचनांत पायाचा दगड पायात आला!

आता शुभवर्तमानांतल्या, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चार चरित्रांतल्या, हाका बघा. येशूच्या अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत पेत्राचा डोळा लागला तेव्हा ‘शिमोना’. पुनरुत्थानानंतर तिबिर्या सरोवराच्या किनाऱ्यावर ‘योहानाच्या पुत्रा शिमोना’, तेही तीनदा. ‘पेत्रा’ अशी हाक येशूच्या तोंडी एकदाच येते, लूक २२:३४ मध्ये, आणि ती कधी, तर कोंबडा आरवण्याआधी तू मला तीनदा नाकारशील हे सांगताना. त्याच्या जरा आधी, ‘शिमोना, शिमोना’ म्हणून, त्याला काम सोपवलंय: तू वळलास म्हणजे आपल्या भावांना स्थिर कर. माझ्या मते त्याचं पुढारीपण इथे घडलं. आपण कुठे घसरलो हे ज्याला पक्कं ठाऊक, त्याच्याकडे दुसऱ्यांना सावरायचं काम.

जाता जाता, ‘शौलाचा पौल झाला’ हे उपदेशात फार ऐकू येतं. हा शौल आधी ख्रिस्ती लोकांचा छळ करायचा आणि दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर येशूचा अनुयायी झाला, पण तिथे त्याला नवं नाव कुणी दिलेलं नाही. प्रेषितांची कृत्ये १३:९ एवढंच म्हणतं की शौलाला पौलही म्हणत. नाव सार्थ केलं ते बर्णबाने. मूळचा योसेफ, प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या निवडक शिष्यांनी, त्याला ‘बर्णबा’ म्हणजे ‘बोधपुत्र’, धीर देणारा, म्हटलं. यरुशलेमेत सगळे शौलाला बिचकत होते तेव्हा त्याला प्रेषितांकडे घेऊन गेला तो हाच. आणि नाव न बदलताही भागतं. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, नाव होतं तेच राहिलं, त्यांची भजनं आम्ही आजही गातो.

पेत्र स्वतः पुढे पहिल्या पत्रात वडिलांना लिहिताना आपणही ‘सोबतीचा वडील’ एवढंच म्हणवून घेतो, आणि सगळ्याच विश्वासणाऱ्यांना ‘जिवंत धोंडे’ म्हणतो. गेल्या महिन्यात हा भाग वाचला तेव्हा मागच्या बाकावरच्या एक आजी म्हणाल्या, “म्हंजे आमचे हे मला उगाच नाही धोंडा म्हणायचे!”