बँडला खालून आवाज द्यायचा तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कोल्हापुरात नव्या पोरांच्या रॉक बँडचा कार्यक्रम होता. तुमचा मित्र पूर्ण वेळ खालून ओरडत होता, आधी "आवाज येईना", मग "मराठी म्हणा की", शेवटी "बास करा आता". गाणारी मुलगी दोन गाणी शिल्लक असतानाच थांबली. मित्र म्हणतो, लाइव्ह कार्यक्रमात एवढं चालतंच. तुम्हाला ते पटत नाही.

मी बावीस वर्षं बेस गिटार वाजवतोय. आधी ऑर्केस्ट्रात होतो, आता बँडमध्ये आहे. गल्लीच्या चौकापासून मोठ्या हॉलपर्यंत सगळीकडे खालून येणारे आवाज ऐकलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मित्राचं एक म्हणणं मला मान्य आहे. आपल्या गावात गप्प बसून काही बघायची रीत नाही. खासबागेत कुस्ती बघायला बसलात तर हलगी घुमत असते आणि चारी बाजूंनी "पट काढ", "ढाक लाव" चालू असतं. पण तिथला जाणकार कधी ओरडतो ते नीट बघा. डाव जुळत आला की ओरडतो. पैलवानाला लागलं आणि वस्ताद धावत मातीत उतरले की तेच मैदान एका क्षणात गप्प होतं. त्याच मैदानाला लागून केशवराव भोसले नाट्यगृह. शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलेलं. संगीत नाटकाच्या काळात पद संपलं की 'वन्स मोअर' यायचा, नटाला तेच पद पुन्हा गावं लागायचं. १८८३ पासून चालत आलेल्या देवल क्लबात, म्हणजे आपल्या गाण्याच्या संस्थेत, दाद समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर जाते, तान अर्ध्यात असताना कुणी तोंड उघडत नाही. पोवाड्यात तर झीलकऱ्यांच्या, म्हणजे शाहिराला मागून साथ देणाऱ्यांच्या 'जी जी'ला जागा आधीच ठेवलेली असते. म्हणजे आवाज द्यायचं शिक्षण आपल्याला तीन-चार शाळांतून मिळालंय, आणि प्रत्येक शाळेत पहिला धडा एकच आहे: जागा ओळखायची.

बँडच्या कार्यक्रमात ही जागा म्हणजे दोन गाण्यांमधली वीस-तीस सेकंदं. गिटारवाला तारा जुळवतो, ड्रमर पाणी पितो, गायक श्वास घेतो. तेव्हा बोला, हवं ते बोला, बँडला उत्तर देता येतं. जोरात वाजणाऱ्या गाण्यात शिट्टी मारा, नाचा, एकत्र गा, त्यालाही कुणाची हरकत नाही. हळू गाण्यात, एकटा आवाज चालू असताना मारलेली हाक मात्र थेट गाणाऱ्याच्या कानात जाते. वरून आम्हाला तुमचे चेहरे दिसत नाहीत. तोंडावर लाइट असली की दुसऱ्या रांगेपलीकडे सगळा अंधार असतो, आणि त्या अंधारातून आलेला शब्द एका माणसाचा आहे की अख्ख्या हॉलचा, हे कळायला काही मार्ग नसतो.

"आवाज येईना" याचं वेगळं सांगतो, कारण मित्राची तक्रार खरीही असू शकेल. हॉलचे मोठे स्पीकर आमच्या पुढे असतात आणि त्यांचं तोंड तुमच्याकडे असतं. गायिकेला ऐकू येतं ते तिच्या पायाजवळच्या मॉनिटरमधून, म्हणजे तिच्याकडे तोंड केलेल्या छोट्या स्पीकरमधून. तुम्हाला तिचा आवाज कमी येतोय हे तिला कळतच नाही, आणि कळलं तरी तिच्या हातात काही नसतं. आवाज वाढवणारा माणूस बहुतेक वेळा हॉलच्या मागच्या बाजूला मिक्सरवर बसलेला असतो. खालून ओरडलं की ती घसा ताणते, सूर चढतो, चौथ्या-पाचव्या गाण्याला आवाज बसतो. गाणं संपल्यावर उठून साउंडवाल्याच्या कानात "गाणं दबतंय, गिटार जास्त आहे" एवढं सांगितलं असतं तर अर्ध्या मिनिटाचं काम होतं.

फर्माईशीचंही तसंच. ऑर्केस्ट्रात चिठ्ठीची पद्धत होती. कागदाच्या तुकड्यावर गाणं लिहून निवेदकाकडे द्यायचं. निवेदक ती वाचायचा आणि जमत असेल तर गाणं लागायचं. नसेल जमत तर चिठ्ठी खिशात, कुणाचा अपमान नाही. मला ती पद्धत अजून सगळ्यात सभ्य वाटते. स्वतःची गाणी घेऊन आलेल्या बँडला मात्र दुसऱ्याचं गाणं मागू नये. त्या पोरांनी सहा-सहा महिने खोलीत बसून ती गाणी बांधलेली असतात.

एका मंडळाच्या कार्यक्रमातलं सांगतो. आमच्याकडे नवी गायिका होती, एकोणीस वर्षांची, तिचा पहिलाच मोठा कार्यक्रम. हळू गाणं लावलं होतं. पहिल्या रांगेतली चार पोरं मुखड्यापासून एका नाचाच्या गाण्याचं नाव घेत टाळ्या वाजवायला लागली, तीही आमच्या ठेक्याच्या बाहेर. मी तिच्या डाव्या हाताला दोन पावलांवर उभा होतो. माइक धरलेली बोटं पांढरी पडलेली मला दिसत होती. अंतऱ्यात तिचा सूर किंचित चढला, तिला तो कळला, तिनं तो खाली ओढून आणला आणि गाणं पूर्ण केलं. मग माइक चालू असतानाच स्टँडवर ठेवला, आणि स्पीकरमधून धप्पकन आवाज आला. त्यानंतर वर्षभर तिनं एकही हळू गाणं घेतलं नाही. मी त्या वेळी बेस खाली ठेवून पुढे गेलो नाही, त्या पोरांना थांबवलं नाही, याची खंत मला आजही आहे.

दुसरी आठवण थंडीतली, गल्लीतल्या मोकळ्या जागेतली. आमच्या गिटारवाल्याची तार तुटली. बोटं गारठलेली, नवी तार खुंटीत बसेना, समोर तीनशे माणसं. कुणीतरी हुर्यो करणार असं वाटत असतानाच अंधारातून एक म्हातारा आवाज आला, "सावकाश घाल रं भावा, आमी हाय बसलेलो." सगळे हसले, गिटारवालाही हसला आणि तार बसली. खालून आलेला तोही आवाजच होता, न विचारता दिलेला, आणि त्या रात्री आम्ही त्या माणसासाठी वाजवलं.

मग नाराजी बोलूच नये का? बोलावी. १७ मे १९६६ ला मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये आधी साध्या गिटारवर लोकगीतं गाणारा अमेरिकन गायक बॉब डिलन इलेक्ट्रिक बँड घेऊन उभा होता. लोकगीतांवर जीव असलेल्या एका श्रोत्यानं दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत एकच शब्द फेकला: "ज्यूडास!" म्हणजे विश्वासघातकी. डिलननं उत्तर दिलं, "माझा तुझ्यावर विश्वास नाही, तू खोटारडा आहेस", मग बँडला जोरात वाजवायला सांगितलं. तो शब्द कठोर होता, पण त्या माणसाचं खरंच काहीतरी तुटलं होतं, त्यानं जागाही बरोबर निवडली आणि उत्तर झेललं. याच्या उलट, अमेरिकेत कुणाचाही कार्यक्रम असला तरी 'फ्री बर्ड' म्हणून ओरडायची एक जुनी खोड आहे. गाणं लिनर्ड स्किनर्ड या बँडचं, १९७३ चं, आणि ओरडणाऱ्याला बहुतेकदा ते ऐकायचंही नसतं. मला यातला पहिला माणूस चालतो. निदान तो ऐकायला आला होता.

गाणाऱ्या मुलीच्या कपड्यांवर, अंगावर, जातीवर बोलणं यात मी धरतच नाही. तो दादेचा किंवा नाराजीचा प्रकार नाही, ती छेडछाड आहे. तिथं बाजूला बसलेल्या मित्रानं हाताला धरून बाहेर न्यायचं. बँडनं सहन करायचं, आयोजकांनी बघून घ्यायचं, असं म्हणून आपण सुटत नाही.

स्टेजवरच्या लोकांनाही दोन शब्द. १९७७ च्या जुलैत माँट्रियलला पिंक फ्लॉइड या बँडचा रॉजर वॉटर्स गोंगाट करणाऱ्या एका चाहत्यावर थुंकला होता. स्वतःच्या त्या वागण्याचा त्याला इतका धक्का बसला की पुढचा अख्खा अल्बम त्यातून सुचला. चिडलेल्या माणसाला स्टेजवरून शिवी दिली की हॉल त्याच्या बाजूला जातो. त्यापेक्षा नाव विचारा, पुढचं गाणं कशावर आहे ते त्याला उद्देशून सांगा आणि लगेच वाजवायला लागा. मधली जागा जितकी मोकळी सोडाल तितकी ती दुसरा कुणीतरी भरतो. बॅंडमध्ये बोलायला धीट असा एक जण ठरलेला असावा आणि तो गायकच असला पाहिजे असं नाही. आमच्यात तो ड्रमर आहे.

आता तुमच्या मित्राचं. त्याच्याशी वाद घालत बसू नका. त्या पोरांचा पुढचा कार्यक्रम कधी आहे ते बघा आणि त्याला घेऊन जा, तिकीट त्याला काढायला लावा. कार्यक्रम संपला की वायरी गुंडाळायचं काम अर्धा तास तरी चालतं, तेव्हा बँड मोकळा असतो. त्या मुलीला भेटून त्यानं सांगावं की मागच्या वेळी ओरडणारा मी होतो. मराठी गाणं हवं होतं तर तेही तेव्हाच सांगावं. कदाचित तिच्या वहीत एखादं अर्धं लिहिलेलं असेल.