वाचकांचे प्रश्न: संगणकावरून संगीत

प्रश्न: माझा जुना अॅम्प्लिफायर आणि स्पीकरांची जोडी उत्तम अवस्थेत आहे. त्यांना संगणक जोडून नाट्यसंगीत ऐकावयाचे आहे. घरातील लॅपटॉप पुरेल, की नवे यंत्र घ्यावे?
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर: लॅपटॉप चालू असल्यास नव्या यंत्राची घाई करू नये. आवाजात खरा फरक पडतो तो डिजिटल संकेताचे अॅनालॉग संकेतात रूपांतर करणाऱ्या डॅकमुळे. लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून थेट वायर नेल्यास संगणकातील विद्युत गोंगाटही पुष्कळदा तिच्यावाटे येतो, म्हणून यूएसबीला जोडण्याचा बाहेरचा डॅक घ्यावा आणि तो अॅम्प्लिफायरच्या ऑक्स नावाच्या जोडणीला जोडावा. फोनोला कदापि जोडू नये. ती जागा रेकॉर्ड प्लेअरच्या क्षीण संकेतासाठी असते. सीडीचा दर्जा १६ बिट व ४४.१ किलोहर्ट्झ असतो, आणि तो नीट पेलणारा डॅक घरगुती श्रवणाला पुरेसा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. लॅपटॉपच्या पंख्याची घरघर संथ आलापीत खुपत असेल, तर पंख्याविना चालणारे रास्पबेरी पाय हे छोटे संगणकयंत्र घेऊन ते मोबाइलवरून चालवावे.

आपल्या किनाऱ्यावरची अडचण मात्र निराळी आहे. खाऱ्या हवेने जोडण्या गंजतात, त्या अधूनमधून काढून कोरड्या फडक्याने पुसाव्यात. पावसाळ्यात इंटरनेट वारंवार जाते, त्यामुळे स्वतःच्या सीडी फ्लॅक या ध्वनिफाइलच्या स्वरूपात एसएसडी या साठवणयंत्रावर उतरवून ठेवाव्यात; त्यात ध्वनीचा काहीही अंश गळत नाही. मृगाच्या गडगडाटात अॅम्प्लिफायर, संगणक आणि राउटर यांचे प्लग काढून ठेवावेत, केवळ बटण बंद करणे पुरेसे नसते.